उलटी बाजू आधी पाहणाऱ्या मावशींना

मावशी,
सप्रेम नमस्कार.

माझं नाव कुठे लिहू नकोस, असं तुम्ही निघताना दोनदा बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते आहे. घरच्या घरी क्विल्ट शिवायला बसलेली आणि मध्येच रडकुंडीला आलेली कुणी तरी हे वाचेल, तिला तुमच्यासारखं माणूस भेटो न भेटो, निदान अशी माणसं असतात हे तरी कळेल.

काल रात्री टॉप, म्हणजे क्विल्टचा तुकडे जोडून केलेला वरचा थर, पुन्हा जमिनीवर पसरला. चारही बाजूंनी वाकून पाहिला, मधोमध तळहात टेकवला आणि हळूहळू कडेपर्यंत नेला. हात कुठेही अडला नाही, कापड कुठेही उचललेलं नाही. मग मी तिथेच त्याच्या शेजारी बसून राहिले, बराच वेळ. हे पत्र तेव्हाच डोक्यात सुरू झालं.

हा टॉप कुणासाठी हे तुम्हाला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांना नाही. माझ्या भाचीला अंधाराची भीती वाटते. दिवा घालवला की ती पांघरूण डोक्यावरून घेते आणि आतच जागी राहते. मला वाटलं, पांघरायचंच आहे तर रात्रच पांघरावी. मधोमध आठ पाकळ्यांचा एकच मोठा तारा, लोन स्टार म्हणतात तो. त्याच्या पोटात मध्यरात्र आणि टोकांकडे जावं तसं उजाडत गेलेलं. एका पाकळीत कापडाचे पंचवीस डायमंड, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे, आठ पाकळ्यांचे दोनशे. पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच, त्यामुळे मधल्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत रंगांचे नऊ टप्पे पडतात. काळपट निळा, गडद निळा, मोरपंखी, जांभळा, अंजिरी, राणी, केशरी, अबोली आणि अगदी टोकाला मोतिया. हे नऊ रंग ठरवायला मला दीड महिना लागला. तुकडे खिडकीत लावून ठेवायचे, सकाळी एकदा पाहायचे, रात्री दिव्यात एकदा. मोबाइलवर काळापांढरा फोटो काढायचा, म्हणजे रंग बाजूला सरतात आणि फक्त गडद-फिकट उरतं. त्यात जांभळा आणि अंजिरी एकच होऊन बसायचे. अंजिरी तीनदा बदलला.

ही कल्पना मला सुचली त्यामागे एक जुना क्विल्ट आहे. हॅरिएट पॉवर्स १८३७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात गुलामीत जन्मल्या. त्यांनी कापडाची चित्रं कापून शिवलेला एक क्विल्ट आज बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. त्यात पंधरा चौकटी आहेत. एका चौकटीत १३ नोव्हेंबर १८३३ च्या रात्रीचा उल्कावर्षाव आहे, तोही त्यांच्या जन्माच्या चार वर्षं आधीचा. म्हणजे ती रात्र त्यांनी पाहिलेली नव्हती, ऐकलेली होती. आकाशातून तारे ओघळताना पाहून लोकांना जगाचा अंत आल्यासारखं वाटलं होतं. एवढी भीतीची रात्र एका बाईनं दोन पिढ्यांनंतर कापडावर आणली, आणि ती पाहताना आपल्याला भीती वाटत नाही, तिच्याजवळ जावंसं वाटतं. मला माझ्या भाचीसाठी नेमकं तेच हवं होतं.

आणि मग आठ पाकळ्या जोडून झाल्या आणि तारा मधोमध फुगला. टोपीसारखा उभा राहिला. एका बाजूनं दाबला की दुसऱ्या बाजूनं वर यायचा.

तुमच्या आधी मी तिघांकडे गेले होते. त्यांची नावं घेणार नाही, पण त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय तुमचे आभार पुरे होत नाहीत. पहिल्या बाई क्विल्टिंग शिकवतात. त्यांनी टेबलावर पसरलेला टॉप उभ्या उभ्या पाहिला आणि म्हणाल्या, "लोन स्टार नवख्यांचं काम नाही. हा ठेवून द्या, चौकोनांपासून सुरुवात करा." जाता जाता सुचवलं, की मागच्या शिवणी जाड दिसतात, कडा कातरून टाका म्हणजे कापड बसेल. दुसऱ्यांनी वाफेची इस्त्री घेतली आणि फुगवटा बसवायला जोर लावून घासली. डायमंडच्या दोन कडा उभ्या-आडव्या धाग्यावर असतात आणि दोन उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या. उरेब कापड वाफेत ओढलं की ताणतं. तारा आणखी फुगला. ते म्हणाले, कापडच हलकं आहे. तिसऱ्यांनी फोटो पाहिला आणि लिहून पाठवलं, "अस्तर-कापूस घालून वरून दाट टीप मारा, जिरून जाईल." थोडीफार कुरकुर टिपेत जिरते, हे मलाही माहीत आहे. पण हा फुगवटा चांगला चार बोटं उंच होता. टीप मारली असती तर त्याच्या चुण्या कायमच्या शिवल्या गेल्या असत्या.

या तिघांना कामातलं कळत नाही असं मी म्हणत नाही. तिघांचाही हात माझ्यापेक्षा चांगला आहे. पण तिघांनीही उत्तर आधी दिलं आणि टॉप नंतर पाहिला, किंवा पाहिलाच नाही. "हे जमणार नाही" हे वाक्य फुकट मिळतं आणि ते ऐकणाऱ्याला घरी न्यावं लागतं. मी ते घरी नेलं आणि टॉप कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेला. पाच महिने तिथेच होता.

मैत्रिणीनं तुमच्याबद्दल सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हटलं होतं. आणखी एका माणसासमोर ती घडी उलगडायची हिंमत नव्हती. ती तुमची भाची, म्हणून तुम्ही माझ्याही मावशी, एवढ्याच ओळखीवर तुम्ही माझ्याकडे आलात. चष्मा पुसलात. आणि मी टॉप पसरायला लागले तर म्हणालात, "थांब, उलटा घाल."

उलटा घाल. मावशी, या दोन शब्दांसाठी हे पत्र आहे. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

आजवर प्रत्येकानं सरळ बाजू पाहिली होती, रंग पाहिले होते, फुगवटा पाहिला होता. तुम्ही टॉप उलटा पसरून घेतलात आणि मधल्या टोकाकडे पाहिलंही नाहीत. एका शिवणीवर तर्जनी ठेवून मधून बाहेरच्या टोकापर्यंत नेलीत. मग दुसऱ्या शिवणीवर. मग तिसऱ्या. तिसरीच्या अर्ध्यावर बोट थांबलं. तुम्ही काही बोलला नाहीत, उरलेल्या पाचही शिवणी तशाच बोटानं वाचल्यात, अगदी कुणाचं पत्र वाचावं तशा. आणि मान वर करून विचारलंत, "दोघी जणींनी शिवलंय का गं हे?"

मी म्हटलं, नाही मावशी, मीच.

"मग मध्ये काय झालं होतं?"

मला वाटलं तुम्ही मशीनबद्दल विचारताय. म्हणून मी सांगायला लागले, की पाव इंचाची खूण म्हणून मशीनवर टेप लावली होती, ती सुटली आणि मग मी अंदाजानं शिवत गेले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "टेपचं नाही विचारत. पहिल्या दोन शिवणी शांत हाताच्या आहेत. पुढच्या सहा दमलेल्या हाताच्या. तुझं काय झालं होतं?"

तेव्हा मी सांगितलं. आईचं ऑपरेशन झालं होतं. दिवस तिचा असायचा. रात्री औषध देऊन ती झोपली की दीडेक तास माझा. मी त्या वेळात मशीनवर बसायचे, कारण दुसरं काही सुचायचं नाही. दिवा तिच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून भिंतीकडे वळवलेला असायचा. सुटलेली टेप पुन्हा चिकटवावी एवढंही त्राण नसायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आई आता बरी आहे, हिंडतेफिरते, पण त्या रात्री माझ्या अंगात कुठेतरी तशाच राहिल्या होत्या आणि त्या त्या शिवणींमध्येही राहिल्या होत्या, हे मला तुमच्या बोटामुळे कळलं.

तुम्ही सहानुभूतीचं एकही वाक्य बोलला नाहीत. पट्टी मागितलीत. मधल्या टोकाशी माया, म्हणजे शिवणीच्या मागे सोडलेली कापडाची कड, बरोबर दोन सूत होती, आठ सुतांचा एक इंच या हिशेबानं पाव इंच. बाहेरच्या कडेशी तीन सूत. "हे बघ," म्हणालात, "एका शिवणीत दोन्ही बाजूंचं एकेक सूत जादा गेलं. अशा सहा शिवणी. बारा सूत, म्हणजे दीड इंच घेर तू मागे दडवून ठेवलायस. कागदाच्या गोलातून पाचर कापून कडा चिकटवल्या की त्याची टोपी होते, तसं झालंय. मध्ये काहीही बिघडलेलं नाही." पाच महिने मी त्या मध्यालाच दोष देत होते. आठ टोकं तिथे एका टाचणीच्या अग्रावर आणली होती आणि ती बरोबरच आली होती.

आणि मग ते वाक्य. "माया कमी पडली असती तर माझ्या हातात काही नव्हतं. तुझी जास्त झालीय. जास्त झालेली परत घेता येते."

मला एकदम त्या कातरून टाकायच्या सल्ल्याची आठवण झाली आणि अंगावर काटा आला. कातरली असती तर ते एक सूत कायमचं गेलं असतं. मी कात्री हातात घेतली होती, मावशी. का कोण जाणे, चालवली नाही.

पुढचं काम किती वेळ चाललं, काय क्रमानं केलं, ते इथे लिहीत नाही. तुम्ही सहापैकी पहिली शिवण चार इंच उसवून दाखवलीत, प्रत्येक चौथा टाका तोडून, म्हणजे उलट बाजूचा दोरा ओढला की सबंध सुटतो. एकही धागा कापडाचा तुटला नाही. मग सीम रिपर, ते टाके उसवायचं हत्यार, माझ्या हातात दिलंत. तुम्हाला सगळं पटकन करून टाकता आलं असतं, आणि मी आभार मानून मोकळी झाले असते. पण तुम्ही खुर्ची सरकवून बसलात आणि मी उसवत असताना तुमच्या पहिल्या क्विल्टबद्दल सांगत राहिलात, ज्याची एक कड दुसरीपेक्षा इतकी लांब होती की तो कधी चौकोनी घडीच झाला नाही. पहिल्या दोन शिवणींना मात्र तुम्ही हात लावू दिला नाहीत. "त्या चांगल्या आहेत. चांगलं आहे ते कशाला उसवायचं?" इस्त्री करताना एकदाच ओरडलात, "घासू नको, टेकव आणि उचल!" आता इस्त्री हातात घेतली की तुमचा आवाज आधी येतो.

या सगळ्यावर मी बरेच दिवस विचार करते आहे. शिवणकामातलं कसब पुष्कळांकडे असतं. भलेपणा म्हणजे काय, हे मला नेमकं सांगता येत नव्हतं, कुणाला मोठी मदत केली, पैसे दिले, वेळ दिला, असंच काहीसं वाटायचं. आता वाटतं, भल्या माणसाला दुसऱ्याची चूक दिसली की त्याला त्या चुकीमागचा माणूसही दिसतो, आणि तो आधी त्याची विचारपूस करतो. डॉक्टर असोत, मास्तर असोत, ऑफिसातला वरचा माणूस असो, अशी विचारपूस करणारी माणसं मला आयुष्यात चार-पाचच भेटली असतील. त्यांची मी नावं घेत नाही, पण माझ्या मनात त्यांची एक रांग आहे, आणि तुम्ही त्या रांगेत अगदी पुढे आहात. मी स्वतः त्या रांगेत नव्हते हेही लिहायला हवं. धाकट्या बहिणीनं विणलेल्या पहिल्या स्वेटरला मी काय म्हणाले होते ते मला आठवतं. तुम्ही गेल्यावर मी तिला फोन केला. तो स्वेटर तिनं ठेवलेला आहे. मी तो मागून घेतला आणि उलटा करून पाहिला.

टॉपची आता पुढची कामं बाकी आहेत. अस्तर आणलंय, साधं एकरंगी. टीप हातानंच घालणार आहे, ताऱ्यापासून पाव इंच अंतर सोडून, घाई नाही. गोट मोतिया रंगाचा लावावा असं तुम्ही म्हणाला होतात, भाचीला काळपट निळा हवा आहे. तिनं टॉप पाहिला. बराच वेळ मधल्या टोकावर बोट ठेवून म्हणाली, "इथे सगळ्यात जास्त रात्र आहे ना?" मी हो म्हटलं. मग ती पोटावर पडून रंग मोजत टोकापर्यंत गेली आणि परत मध्ये आली, असं तीनदा. गोट तिच्याच मर्जीनं लावते, रागावू नका.

तुम्ही काही घ्यायला तयार नव्हता. जाताना फक्त विचारलंत, "अंजिरी उरलाय का गं? असला तर मला दे." तेव्हा गडबडीत द्यायचा राहिला. या पत्राची प्रत तुम्हाला टपालानं येईल, तिच्यासोबत पाठवते आहे. त्यातून तुमचे तीन इंची चौकोन बावीस निघाले. साडेतीन इंचांचे कापले आहेत, माया धरून.

तुमची,
मैत्रिणीमुळे मिळालेली भाची