मी येईपर्यंत सेल मारू नये

मिस्त्री,
स. न. वि. वि.

तो पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे. फिल्टरच्या खोक्याचा फाडलेला तुकडा, एका कोपऱ्यावर तुमच्या अंगठ्याचा काळा ठसा आणि मधोमध जाड मार्करने लिहिलेलं, ‘मी येईपर्यंत सेल मारू नये’. वर दोन भोकं पाडून तुम्ही त्यातून तार ओवली होती आणि तो स्टेअरिंगला बांधला होता. काम झाल्यावर तुम्ही तो सोडून कचऱ्यात टाकायला निघालात, तेव्हा मी मागून घेतला. तुम्ही हसलात. कशाला हवाय ते मला त्या वेळी सांगता आलं नाही, घसा दाटून आला होता. ते आता लिहून सांगतो. चारचौघांत लिहितोय, कारण ज्यांच्या गाडीला असाच पहाटेचा धूर आहे त्यांच्याही हे वाचनात यावं.

तो धूर होता जेमतेम दोन मिनिटांचा. रात्रभर उभी राहिलेली गाडी, म्हणजे माझा ट्रक, सुरू करायला गेलं की आधी सेल लांबायचा, इंजिन नुसतंच फिरत राहायचं. मग इंजिन सुरू व्हायचं ते मिसिंग करतच, सगळी केबिन हादरवत, आणि मागून जाड, पांढुरका धूर. डोळ्यांत झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा. दोन मिनिटांत इंजिन एका सुरात यायचं आणि धूर साफ नाहीसा व्हायचा. त्यानंतर दिवसभर चढावर, पूर्ण लोडमध्ये, कुठेही काही नाही. ऑइल घटत नव्हतं, रेडिएटरचं पाणी उतरत नव्हतं, ओढ चांगली होती. समोरच्या घरातल्या आजी माझ्या सेलचा आवाज आला की खिडकी लावून घ्यायच्या. एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत. पण ती कडी लागल्याचा आवाज माझ्या डोक्यातून दुपारपर्यंत जायचा नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी तीन ठिकाणी जाऊन आलो होतो. मनात साठलेलं आहे, म्हणून तेही सांगतो.

पहिल्याने भर दुपारी गाडी बघितली. मी तासभर चालवत आणलेली. त्याने चार वेळा रेस दिली, मागे नजर टाकली आणि म्हणाला, धूर कुठे आहे? डिझेल गाडी आहे, थंडीत तेवढं चालायचंच. मी म्हटलं, सकाळी बघा. तो म्हणाला, सकाळी आम्ही दहाला उघडतो.

दुसरा निदान कामाला तरी लागला. डिझेल फवारणारे नोझल काढून तपासून आणले, बसवले. गार इंजिनला सुरू होताना ऊब देणारे चारही हीटर प्लग बाहेर काढले, एकेक करून थेट बॅटरीला लावले, चारही लालबुंद झाले. ‘हीटर ओके’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे धूर तसाच. फोन केला तर म्हणाला, मग आतलं काम असणार.

तिसऱ्याचं मला सगळ्यात लागलं. त्याने गाडी सुरूसुद्धा केली नाही. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, काळं झालेलं बोट मला दाखवलं आणि सांगितलं, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन खोलावं लागेल. रिंगा गेल्या असत्या तर ऑइल खाल्लं असतं, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, फुसफुस वाफ मारली असती, गरम इंजिनही लोडवर निळं ओकलं असतं. हे मला आता कळतं, तुम्ही सांगितलंत म्हणून. त्याला तर आधीपासून माहीत असायला हवं होतं. ऑइल भरायचं झाकण काढून बघायला किती वेळ लागतो? आणि मी धंद्याची गाडी महिनाभर उभी ठेवून, कर्ज काढून इंजिन खोलायच्या तयारीला लागलो होतो. घरात तसं बोलणंही झालं होतं.

तुमच्याकडे आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. तुम्ही बॉनेट उघडलंत आणि कशालाही पाना लावायच्या आधी इंजिनच्या हेडवर तळहात टेकवलात. एखाद्याच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तसा. थोडा वेळ तसेच उभे राहिलात आणि म्हणालात, ‘अजून ऊब आहे. आता ही खरं बोलणार नाही.’

मग विचारलंत, ‘तुम्ही रोज चालवता, तुम्ही सांगा.’ आणि ऐकत राहिलात. हातातला पाना खाली ठेवून. मी सगळं सांगितलं, जसं आठवेल तसं, उलटसुलट. त्यात मध्येच बोलून गेलो की हीटर दोन-दोन, तीन-तीन वेळा देऊन बघितला, तरी काही फरक पडत नाही. तिथे तुम्ही मला थांबवलंत. ‘काहीच फरक पडत नाही?’ मी म्हटलं, काहीच नाही. तुम्ही मान हलवलीत. हे वाक्य मी आधीच्या तिघांनाही सांगितलं होतं, मिस्त्री. शपथेवर सांगतो, तिघांनाही.

त्यानंतर तुम्ही खोक्याचा पुठ्ठा फाडलात.

तुमची पोरं सकाळी झाडलोट करताना गाड्या पुढेमागे करतात, एकदा का कुणी सेल मारला की तो दिवस गेला, म्हणून ती पाटी. तुमच्या लेखी एवढंच होतं. पण मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायचा प्रयत्न करतो. दोन महिने मी लोकांना सांगत होतो की धूर येतो, आणि लोक माझ्याकडे असं बघत होते की याला काहीतरी भास होतोय किंवा याला गाडीतलं कळत नाही. आजार असा की डॉक्टरांपुढे गेलं की ताप उतरलेला. शेवटी शेवटी मीच पहाटे मोबाइलवर शूटिंग करून ठेवायला लागलो होतो, पुरावा म्हणून. ते शूटिंग दाखवायला लागलो तर तुम्ही म्हणालात, ‘ठेवा ते, उद्या डोळ्यांनी बघू.’ तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात, आणि त्या विश्वासासाठी स्वतःची पहाटेची झोप द्यायला तयार झालात. त्या पाच शब्दांच्या पाटीत मला हे सगळं दिसलं. घरी जाताना रिकाम्या हातांनी चालत गेलो आणि कित्येक दिवसांनी शांत झोपलो.

पहाटे मी पोहोचलो तेव्हा अंधारच होता. तुम्ही आधीच येऊन थांबला होतात, मफलर गुंडाळून. हेडवर पुन्हा तळहात टेकवलात. या वेळी माझाही हात ओढून तिथे ठेवलात. लोखंड बर्फासारखं गार होतं.

पुढचं काम फार वेळाचं नव्हतं आणि त्यातलं सगळं मला सांगताही यायचं नाही. जे डोळ्यांसमोर आहे तेवढं लिहितो. तुम्ही मला सेल मारायला सांगितलंत आणि स्वतः मागे धुरात जाऊन उभे राहिलात. सायलेन्सरपुढे पांढरं फडकं धरलंत, ते ओलसर झालं. त्याचा वास घेतलात आणि मग ते माझ्या नाकाशी धरलंत. निव्वळ डिझेल. कूलंट, म्हणजे रेडिएटरचं पाणी, जळत असतं तर गोडसर वास आला असता, म्हणालात. रात्रभर व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल उतरत असतं तर तेही सकाळीच दिसलं असतं आणि थोड्या वेळाने गेलंही असतं, पण त्या धुराला निळी झाक असते आणि जळक्या ऑइलचा वास. हे न जळलेलं डिझेल आहे. म्हणजे डिझेल येतंय, पण कुठेतरी ते पेटवणारी उष्णता कमी पडतेय.

मग पुढे येऊन एक्झॉस्टच्या चार नळ्यांवरून हात नेलात, सुरू होऊन अर्धं मिनिटही झालं नव्हतं. पहिल्या दोन तापायला लागल्या होत्या. मागच्या दोन गार. मला म्हणालात, ‘बघा, दोनच भाऊ कामाला लागलेत.’

आणि बंद इंजिनवर चावी फिरवून टेस्ट लॅम्प, करंट येतो का ते दाखवणारा. पहिल्या हीटरवर लागला, दुसऱ्यावर लागला, तिसऱ्यावर नाही, चौथ्यावर नाही. चारही हीटरना जोडणारी ती पत्र्याची पट्टी, तिच्यावरचा ऑइल-धुळीचा थर तुम्ही पेट्रोलच्या फडक्याने पुसलात, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधोमध केसाएवढी चीर. बस्स. हीटर चारही चांगले. म्हणूनच दुसऱ्या गॅरेजमध्ये बॅटरीवर धरल्यावर लाल होत होते. गाडीवर बसवले की मागच्या दोघांपर्यंत करंटच पोहोचत नव्हता. मी तीनदा हीटर देवो की दहादा, त्या दोघांना काय त्याचं!

मी विचारलं, पण डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा तर रोज लागतो आणि वेळेवर विझतो? त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते मी तेव्हापासून दहा जणांना सांगितलं असेल. या गाडीतला तो दिवा फक्त वेळ मोजतो. हीटर तापला की नाही, हे त्याला कळायची सोयच नाही. आणि डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबूनच ती 500 अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. डिझेल तसं 210 अंशांच्या आसपासही स्वतःहून पेट घेऊ शकतं. पण गार पहाटे लोखंडच ती उष्णता पिऊन टाकतं, सेलवर इंजिन फिरतंही सावकाश, तेवढ्यात दाबलेली हवा रिंगांच्या कडेने थोडी निसटते. त्या घटकेला 800 अंशांवर तापलेलं हीटरचं टोक आधाराला लागतं. दोन सिलिंडर तो आधार न मिळता रोज पहाटे कुडकुडत होते, आणि इंजिनने थोडी ऊब धरली की तेही पेटायचे. म्हणून दोन मिनिटं. म्हणून दिवसभर काही नाही.

पंधरा वर्षं गाडी चालवतोय, मला हे कुणी कधी असं बसवून सांगितलं नव्हतं. मला ते कळेल असंच बहुधा कुणाला वाटलं नव्हतं.

नवी पट्टी बसली, मी खिशात हात घातला, तर तुम्ही म्हणालात, ‘आता इंजिन गरम झालंय. आत्ता सुरू होईलच, त्यात काय मोठंसं? पैसे उद्या, थंड सुरू झाल्यावर.’ आणि पाटी पुन्हा स्टेअरिंगला बांधलीत.

दुसऱ्या पहाटे पहिल्याच सेलला इंजिनने स्टार्ट घेतला. चारही एका सुरात. मागे जाऊन बघितलं तर श्वासासारखी पुसटशी वाफ, तीही लगेच विरली. मी तिथेच उभा राहिलो. तुम्ही मान वळवून हत्यारं आवरायला लागलात, माझे डोळे भरून आलेले तुम्हाला दिसले असणार. ते न बघितल्यासारखं केलंत, त्याबद्दलही आभार.

मिस्त्री, हुशार माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. तो दुसरा हुशारच होता, हातही चांगला होता त्याचा. पण चांगुलपणा निराळा. समोरच्याला अडाणी न ठरवता त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणं, जो बिघाड पहाटे दिसतो त्यासाठी पहाटे येणं, बरं झाल्याची खात्री झाल्याशिवाय पैशाला हात न लावणं. इंजिन खोलायला मी तयारच होतो, तुम्ही ‘खोलू’ म्हटलं असतंत तरी मी हो म्हणालो असतो. इंजिन खोलून पुन्हा जुळवताना ती चिरलेली पट्टीही कुणीतरी बदललीच असती, गाडी बरी झाली असती आणि मी जन्मभर त्या खर्चाला योग्य समजलो असतो. हे तुम्हाला माझ्याइतकंच कळत होतं. तरी तुम्ही एका पट्टीचे आणि तुमच्या मजुरीचे तेवढे पैसे घेतलेत. असं काम करणारा माणूस या रस्त्यावर भेटतो, या एका गोष्टीवर माझी रोजची पहाट आता सोपी झाली आहे.

आजींना मी सांगितलं धूर गेल्याचं. त्या म्हणाल्या, कळलं मला, चार दिवस झाले मी खिडकी लावलेली नाही. मग तुमचं नाव विचारलं त्यांनी. मी सांगितलं.

हीटर जुनेच आहेत, एक गेला की चारही एकदम बदला, असं तुम्ही बजावलंय ते लक्षात आहे. तसं काही जाणवलं तर आदल्या संध्याकाळीच गाडी आणून उभी करीन, चावी तुमच्याकडे देऊन जाईन. पाटी माझ्यापाशी आहे, येताना घेऊन येतो.

तुमचा,
तो पहाटेच्या धुराचा ट्रकवाला