पहिले दोन कप ओतून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

कॉफीच्या दुकानातली तुमची पाळी बदलून दुपारची झाली, हे मला मागच्या सोमवारी काउंटरवरच्या मुलाकडून कळलं. मी सकाळची येणारी, त्यामुळे आता आपली गाठ पडत नाही. तशीही, एक सकाळ सोडली तर, आपली कधी नीट बोलणी झाली नाहीत. तुमच्या हातात दुधाचा जग असायचा आणि माझ्यामागे रांग. म्हणून हे पत्र. उघडच लिहिते आहे, कारण माझ्यासारखं लिहायला बसून अडकलेलं आणखी कोणी असेल, तर तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

मी स्वतःच्या जगण्याबद्दल लिहिते. पाहिलेलं, वाचलेलं, मनात रेंगाळलेलं. आठवड्याला एक लेख लिहून लोकांपुढे ठेवायचा, असं मी ठरवलं होतं. पहिले तीन महिने जमलं. मग एक आठवडा चुकला, मग दोन. आणि मग तो लेख आला, ज्याचं पहिलं वाक्य होतं, 'बरेच दिवस लिहिणं झालं नाही, माफ करा.' हे वाक्य फार घातक आहे, हे मला उशिरा कळलं. एकदा माफी मागितली की पुढचा मजकूर त्या माफीला शोभेल इतका चांगला हवा असं वाटू लागतं. तितका चांगला तो होत नाही, म्हणून अर्धवट राहतो, आणि खंड आणखी लांबतो. माझा खंड सात महिन्यांचा झाला होता. त्या काळात मी अकरा लेख सुरू केले. अकराही पहिल्या परिच्छेदापाशी थांबले.

घरी लिहिणं होईना म्हणून मी तुमच्याकडे येऊन बसू लागले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात म्हटलं होतं की साधारण ७० डेसिबलच्या आसपासच्या, म्हणजे मध्यम गजबजाटात, शांततेपेक्षा कल्पना जास्त सुचतात. तुमच्या ग्राइंडरचा आवाज, कपबशांची किणकिण, लोकांची बोलणी हे सगळं मिळून ते होईल, अशी माझी आशा होती. झालं नाही. गजबजाटातही मी तोच परिच्छेद लिहीत होते आणि खोडत होते.

मग ती सकाळ आली. दुकान नुकतंच उघडलं होतं, मी पहिलीच गिऱ्हाईक होते. तुम्ही एस्प्रेसोचा, म्हणजे कडक कॉफीचा, छोटा कप काढलात, चमच्याने चाखलात आणि बेसिनमध्ये ओतून दिलात. ग्राइंडरची कडी थोडी फिरवलीत, दुसरा काढलात, तोही ओतलात. तिसरा माझ्यापुढे ठेवलात. काही बिघडलंय का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "बिघडलं काहीच नाही. सकाळचे पहिले एक-दोन ओतायचेच असतात. ते प्यायचे नसतात, त्यांच्यावरून आजची दळण, म्हणजे पूड किती बारीक हवी ते, कळते."

त्या दिवशी रांग नव्हती, म्हणून तुम्ही मला सगळं दाखवलंत. १८ ग्रॅम पूड, त्यातून कपात साधारण ३६ ग्रॅम कॉफी, आणि ती उतरायला २५ ते ३० सेकंद. लवकर उतरली तर आंबट लागते, मग दळण बारीक करायची. रेंगाळत उतरली तर कडू, मग जाड करायची. काल बरोबर जमलेली दळण आज चालेलच असं नाही, कारण भाजलेल्या बियांतून वायू निघत राहतो, त्या एका दिवसाने जुन्या झालेल्या असतात, हवेतला ओलावा बदललेला असतो. शिवाय रात्रभर ग्राइंडरमध्ये अडकलेली शिळी पूड आधी बाहेर जावी लागते. मी विचारलं, "इतकी वर्षं करताय, तरी रोज ओतावे लागतात?" तुम्ही अगदी सहज म्हणालात, "रोज."

मी टेबलाशी जाऊन बसले आणि बराच वेळ त्या एका शब्दाचा विचार करत राहिले. माझा पहिला परिच्छेद वाईट निघतो, म्हणजे माझ्यातलं काहीतरी आटलंय, असं मी सात महिने धरून चालले होते. तुमचा पहिला कप आंबट निघाला तर तुम्ही कडी फिरवता.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन आले. पंधरा मिनिटं जे येईल ते लिहायचं आणि तो कागद फाडून टाकायचा, एवढंच ठरवलं. आईच्या चष्म्यावर लिहायचं होतं. पहिली दोन पानं निव्वळ मोठमोठे शब्द निघाले, आठवणी, काळ, मायेचा स्पर्श. तिसऱ्या पानावर आपोआप आलं, 'चष्म्याची डावी दांडी काळ्या दोऱ्याने बांधलेली होती.' लेख तिथून सुरू झाला आणि त्याच आठवड्यात पूर्ण झाला. सात महिन्यांनंतरचा पहिला. आधीची दोन पानं मी खरोखरच फाडली. जपून ठेवली असती तर त्यातलं एखादं वाक्य सोडवलं नसतं आणि लेख पुन्हा तिथेच अडला असता.

दुधाची वाफेची नळीही तुम्ही प्रत्येक जगानंतर लगेच पुसता आणि थोडी वाफ सोडता, हे त्यानंतर माझ्या लक्षात आलं. थोडा वेळ गेला तर दूध वाळून घट्ट बसतं, म्हणालात. तेव्हापासून सुचलेलं मी त्याच दिवशी, दोन ओळींत का होईना, वहीत टिपते. आठवड्यानंतर नुसता विषय उरतो, त्याच्यातला ओलावा गेलेला असतो.

पण सगळ्यात जास्त आभार मला वेगळ्याच गोष्टीचे मानायचे आहेत, आणि ती तुम्हाला आठवतही नसेल. मध्ये मी आजारी पडले. नऊ दिवस यायचं आणि लिहायचं दोन्ही बंद. दहाव्या दिवशी दारातून आत येताना मला संकोच वाटत होता. काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव चालली होती. तुम्ही वर पाहिलंत आणि म्हणालात, "नेहमीचीच ना?" बस्स. कुठे होतात, का आला नाहीत, काही नाही. कप ठेवलात.

२१ दिवसांत सवय लागते असं सगळीकडे ऐकू येतं, आणि त्या हिशेबाने माझी सवय कितीदा तरी मोडली होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात, जो २०१० साली छापून आला, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. माणसामाणसानुसार तो अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि त्यातलाच दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. हे मी पूर्वी वाचलं होतं, पण पटलं ते तुमच्या "नेहमीचीच ना?"मुळे. त्या दिवसापासून मी लेखाच्या सुरुवातीला माफी मागणं सोडून दिलं. वाचणाऱ्यालाही, मला वाटतं, आमच्या गैरहजेरीच्या कारणांपेक्षा पुढचा कप हवा असतो.

बाकी तुम्ही लावलेल्या शिस्तीही अजून पाळते. गर्दीच्या वेळी चौघांचं टेबल अडवायचं नाही, भिंतीजवळचं छोटं घ्यायचं. दोन तासांपेक्षा जास्त बसायचं असेल तर पुन्हा काहीतरी मागवायचं. फोन आला तर बाहेर जायचं. आणि संध्याकाळची कॉफी बंद. कॅफीन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात, म्हणजे पाचला प्यायलेल्यातलं अर्धं रात्री दहालाही अंगात असतं, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर रात्री झोप का येत नाही याचं खापर मी लेखनावरच फोडत राहिले असते.

आता तिसरी वही चालू आहे. गेल्या पाच महिन्यांत चौदा लेख झाले. आठवड्याला एक हा हिशेब त्यात बसत नाही, आणि मला तो आता बसवायचाही नाही.

गुरुवारी मी मुद्दाम दुपारी येणार आहे. चष्म्याचा लेख छापून आणते, हात मोकळे झाले की वाचा. माझ्यासाठी त्या वेळी कॅफीन काढलेली.

तुमची,
भिंतीजवळच्या छोट्या टेबलावरची