हकालपट्टीनंतरची बारा वर्षे

महोदय,

स्टीव्ह जॉब्स यांना १९८५ मध्ये ॲपल सोडावी लागली आणि १९९७ मध्ये त्यांनी ती सावरली, एवढेच उद्योजकतेच्या व्याख्यानांतून सांगितले जाते. मधली बारा वर्षे जणू रामाचा वनवास. परतले की राज्याभिषेक! प्रत्यक्षात त्यातला बराच काळ सपशेल अपयशाचा होता.

ॲपल सोडल्यावर त्यांनी काढलेल्या ‘नेक्स्ट’ कंपनीचा काळा, घनाकृती संगणक १९८८ मध्ये आला. तो विद्यापीठांसाठी होता, पण किंमत साडेसहा हजार डॉलर! कोणते विद्यापीठ असे संगणक घाऊक घेणार? १९९३ मध्ये यंत्रनिर्मिती बंद करून निम्म्याहून अधिक कर्मचाऱ्यांना घरी पाठवावे लागले. त्यांची नावे कोणत्याही व्याख्यानात येत नाहीत. ‘पिक्सार’ या ॲनिमेशनपटांच्या कंपनीतही जॉब्स वर्षानुवर्षे पदरचे पैसे ओतत होते; यश दिसले ते थेट १९९५ मध्ये.

मात्र नेक्स्टची संगणकप्रणाली अव्वल होती. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या भौतिकशास्त्र संशोधन केंद्रात पहिला वेब ब्राउझर लिहिला तो नेक्स्टच्याच संगणकावर. ॲपलची स्वतःची नवी प्रणाली तेव्हा रखडली होती. म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये तिने नेक्स्ट विकत घेण्याचे जाहीर केले. जॉब्स त्या सौद्याबरोबर सल्लागार म्हणून आले. नेक्स्टचे एव्ही टेव्हेनियन यांच्याकडे ॲपलच्या सॉफ्टवेअरची सूत्रे गेली आणि मॅकची पुढची प्रणाली नेक्स्टच्याच पायावर उभी राहिली. या अभियंत्यांबद्दलही कधी छापून यावे.

– एक वाचक, पुणे