मुलीच्या नावाचा शोध घेणाऱ्या माएस्त्राबाईंना, म्हणजे शेजारच्या शिक्षिकाबाईंना

आदरणीय माएस्त्राबाई,

सविनय नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहीत आहे आणि आपल्या स्वयंपाकघरात बसून त्याचा अर्थ आपल्याला इटालियनमध्ये सांगणार आहे. ते सर्वांसमोर ठेवण्याचे कारण असे की, मुलीचे नाव आल्बा कसे ठेवले, हे नातेवाईक आणि मराठी स्नेही मला पुनःपुन्हा विचारतात आणि घाईत दिलेल्या उत्तरातून नेमके आपलेच नाव गळून जाते.

इटलीतल्या तोरिनो (ट्युरिन) शहरातील आपली इमारत, म्हणजे मधल्या चौकाभोवती फिरणाऱ्या लोखंडी कठड्याच्या गॅलऱ्या आणि त्यांवर उघडणारी सगळ्यांची दारे, ही मला पहिल्या दिवसापासून आमच्याकडच्या चाळीसारखी वाटली होती. त्यामुळे आठव्या महिन्यात मी नावांची यादी घेऊन आपले दार वाजवले, यात मला काहीच संकोच वाटला नाही. मुलगी इथेच वाढणार, म्हणून नाव इटालियन असावे, असे मीच ठरवले होते. अट एकच होती की, ते साताऱ्याच्या माझ्या आईला जीभ न अडखळता हाकारता यावे.

प्राथमिक शाळेत आयुष्यभर हजेरी घेतलेल्या आपण ती यादी ज्या शिस्तीने चाळलीत, ती मला विसरता येणार नाही. भारतात मुलीचे म्हणून माहीत असलेले आंद्रेआ मी वर लिहिले होते. आपल्या वर्गातले सगळे आंद्रेआ मुलगे होते आणि ते नाव मुलीला ठेवण्यास इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये मान्यता दिली असली, तरी तिला जन्मभर खुलासे करावे लागतील, असे आपण म्हणालात. क्यारा मला फार आवडले होते, परंतु इथल्या लेखनपद्धतीत ज्या दोन अक्षरांचा उच्चार 'क' होतो, त्यांचा भारतातला कोणताही कारकून 'च' करील आणि मुलगी तिकडे चियारा होईल, हे मलाच सुचले. आन्ना वाचून मला हसू आवरेना. आमच्याकडे अण्णा म्हणजे धोतर नेसणारे, वडीलधारे गृहस्थ, हे कळल्यावर आपणही खूप हसलात.

सासूबाईंचे नाव ठेवण्याचा प्रश्न मात्र नाजूक होता. त्या पुल्याच्या, दक्षिण इटलीत पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचे नाव देण्याची प्रथा आहे आणि सासूबाईंचे नाव दुःखी मातेवरून, म्हणजे येशूच्या शोकाकुल आईवरून आलेले, आद्दोलोराता या पठडीतले आहे. आपण त्यांना कॉफीला बोलावून सरळ विचारलेत. घरात असे एक नाव पुरेसे आहे, असे त्यांनी स्वतःच सांगितले आणि माझ्या मनावरचा मोठा भार उतरला.

खरा पेच आउरोरा या नावाचा होता. पहाटेच्या वैदिक देवतेचे नाव माझ्या आईला लाभले आहे आणि संस्कृत उषस् व लॅटिन आउरोरा हे शब्द एकाच मुळातून निघालेले आहेत. दोन स्वरांमधल्या 'स'चा लॅटिनमध्ये 'र' झाला, एवढेच. आजीचे नाव नातीला इतक्या गुपचूप देता येते, या कल्पनेने मी हरखून गेले होते. आपली हरकत व्यवहाराची होती: सोफिया आणि जूलिया यांच्याबरोबर आउरोरा हे नाव गेली अनेक वर्षे देशाच्या यादीत अग्रभागी असल्यामुळे एका वर्गात तीन जणी निघतील आणि तिला आडनावाने हाक मारावी लागेल. आईची हरकत त्याहून रोकठोक होती. "मी अजून आहे. उद्या तिला रागावताना माझंच नाव घेणार का?" असे तिने फोनवर विचारले.

तेव्हा आपण मला खिडकीपाशी नेऊन समजावलेत की, आउरोरा ही सूर्याआधीची तांबूस सोनेरी प्रभा असते; तिच्याही आधी आकाश नुसते पांढुरके होते आणि त्याला आल्बा म्हणतात. मी क्षणभर गप्प झाले, कारण हाच भेद माझी आजी दोन शब्दांत करीत असे: आधी फटफटते आणि मग तांबडे फुटते. आईला मी ते तसेच सांगितले आणि तिने लगेच होकार दिला. माझ्या मावशीने मात्र "अल्बम?" असे विचारले, त्याला इलाज नाही.

एवढे होऊनही धाकधूक होतीच. इथल्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद रुग्णालयात तीन दिवसांत किंवा नगरपालिकेत दहा दिवसांत करावी लागते आणि आमचे बारसे असते बाराव्या दिवशी. कानात सांगण्याआधीच नाव कागदावर जाणार, याची मला रुखरुख लागली होती. नवव्या दिवशी नोंदणीला निघण्यापूर्वी आपण गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ते नाव तीनदा मोठ्याने पुकारलेत, ते चौकात नीट घुमते की नाही ते ऐकलेत आणि मगच आम्हाला जाऊ दिलेत. बाराव्या दिवशी पाळण्याच्या पलीकडे उभ्या राहून आपण बाळाला हातांवर घेतलेत, इटालियन आत्याने तिच्या कानात जमेल तसे 'कुर्रर्र' केले आणि छोल्यांच्या घुगऱ्या आपण दोनदा मागून घेतल्यात. दारावरची गुलाबी रिबीनही आपणच बांधली होती.

आपण रोज सकाळी पाव आणायला निघताना कठड्यावरून तिला हाक मारता. गेल्या मंगळवारी त्या हाकेला तिने प्रथमच मान वळवली. आपण तोपर्यंत जिन्याकडे वळला होतात, म्हणून आपल्याला ते दिसले नाही.

आपली कृतज्ञ,
आल्बाची आई