काकू, ती दोरी अजून माझ्याकडे आहे

प्रिय काकू,

अमेरिकेत असताना मी तुम्हाला सगळ्यांसारखी नावानेच हाक मारायचे. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने बोलवताना प्रत्येक वेळी जीभ अडखळायची. आज मराठीत लिहितेय, तर मनातल्या मनात जे म्हणत होते तेच लिहिते. तुमचं नाव मात्र इथे देत नाही. तेव्हाही ते कुठे छापून येऊ नये म्हणून तुम्ही सभेत मागच्या रांगेत बसायचात.

तुमचे आभार मानायला मला जवळजवळ वीस वर्षं लागली. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांच्याही उपयोगाचं आहे.

2005 सालच्या सप्टेंबरात आम्ही अमेरिकेच्या मेन राज्यात, डॅमरिस्कॉटा गावी आलो. वस्ती जेमतेम दोन हजारांची. नदीचं नावही तेच, पण आम्ही कोकणातली माणसं तिला खाडीच म्हणू, कारण भरतीचं पाणी गाव ओलांडून आत जातं. काठावर कालवांच्या शिंपल्यांचे ढीग आहेत. हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूळ रहिवाशांनी कालवं खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे! त्याच पाण्यात आज कालवांची शेती होते. माझा नवरा नदीच्या खालच्या अंगाला डार्लिंग मरीन सेंटर या सागरी संशोधन केंद्रात कामाला होता. माझा व्हिसा त्याच्यावर अवलंबून, म्हणजे मला नोकरीची परवानगी नाही, आणि नागरिक नसल्यामुळे मतही नाही. पहिला महिना मी स्किडॉम्फा लायब्ररीच्या खिडकीपाशी बसून काढला. (संस्थापक सभासदांच्या आद्याक्षरांतून ते नाव बनलंय, हेही तुम्हीच सांगितलंत.)

तुम्ही समोरच्या टेबलावर हिशेबाच्या वह्या पसरून बसायचात. गावातल्या आठ-दहा छोट्या धंद्यांची खाती तुम्ही लिहायचात. एक दिवस वही मिटलीत आणि माझे वडील काय करतात ते विचारलंत. मी म्हटलं, वेंगुर्ल्याला त्यांचं किराणा दुकान आहे. लगेच तुमचा पुढचा प्रश्न आला, "उधारी कधी फिटते?" त्या देशात मला तोवर कुणीही इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी सांगितलं, पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा कोळ्यांच्या घरचं सामान वहीवर जातं. नारळी पौर्णिमा झाली, मासळी यायला लागली, की हळूहळू फिटतं. तुम्ही म्हणालात, आमच्याकडे तेच, फक्त हिवाळ्यात. लॉब्स्टरचे पिंजरे पाण्याबाहेर काढले की कोण कुणाला सांभाळून घेतंय ते मला या वह्यांत दिसतं.

त्यानंतर काही दिवसांतच गावात बोलणं सुरू झालं, की वॉलमार्ट या मोठ्या दुकान-साखळीचं सुपरसेंटर, म्हणजे सगळा माल एका छपराखाली विकणारं अवाढव्य दुकान, येणार. मला त्यात विशेष वाटलं नाही, हे कबूल करते. दुकान येणार, स्वस्त माल मिळणार, बरंच झालं. तुम्ही रागावला नाहीत, वाद घातला नाहीत. कागद घेतलात आणि 100 डॉलरचा प्रवास काढून दाखवलात.

गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानात 100 डॉलर गेले, तर दुकानदार त्यातून इथल्या माणसाला पगार देतो, इथल्या छापखान्यात पावतीपुस्तकं छापतो, इथल्या वकिलाला आणि हिशेब लिहिणाऱ्या बाईला फी देतो. मोठ्या साखळीचे हिशेब, जाहिराती, छपाई, सगळं मुख्यालयातून होतं. तुमच्याकडे एक अभ्यास होता, 2003 सालचा, आपल्याच किनाऱ्यावरच्या रॉकलंड, कॅम्डेन आणि बेलफास्टमधल्या आठ स्थानिक धंद्यांचा. त्यांच्या मिळकतीतला 44.6 टक्के पैसा तिथल्याच दोन काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, पुन्हा खर्च होत होता, आणखी 8.7 टक्के राज्यात. मोठ्या साखळी-दुकानाचा अंदाज होता 14.1 टक्के, तोही मुख्यतः पगाराच्या रूपात. आकडे मी आजही पाठ म्हणते. पण मला खरं पटलं ते तुमच्या वहीमुळे. एकेका पानावर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, हे दुकान गेलं तर हे पान जाईल, मग हे, मग हे. मला वडिलांची लाल वही दिसायला लागली.

मग दोरी. लॉब्स्टरच्या पिंजऱ्यांच्या जुन्या दोऱ्या एकमेकींना बांधून तुम्ही 432 फुटांची एक दोरी केलीत आणि 187 फुटांवर लाल चिंधी बांधलीत. त्या काळातलं सुपरसेंटर साधारण 1,87,000 चौरस फुटांचं असायचं. चौकोनी धरलं तर बाजू 432 फूट. 'अवर टाउन डॅमरिस्कॉटा' हा रहिवाशांचा गट दुकानासाठी 35,000 चौरस फुटांची मर्यादा मागत होता. त्याची बाजू 187 फूट. मी मनात गुंठे केले. एक जवळजवळ 172 गुंठे, दुसरं 32. तेही नुसत्या छपराखालचे, गाड्या लावायची जागा वेगळीच.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आपण पाचजणी शेतात गेलो. तुम्ही माझ्या हातात दोरीचं टोक देऊन म्हणालात, चालत जा, दोरी ताणली की थांब. मी चालत राहिले. दोरी ताणली गेली तेव्हा वळून पाहिलं, तर तुमचा लाल कोट बोटभर दिसत होता. तुम्ही काहीतरी ओरडलात, वाऱ्यात ऐकू आलं नाही. चौघी चार कोपऱ्यांवर उभ्या राहिल्यावर त्या चौकोनात गावचा मेन स्ट्रीट किती मावेल ते दिसायला नकाशा लागला नाही. पाचवीने फोटो काढला. तो फोटो पुढे गावभर फिरला.

काकू, त्या दिवशी मला काम मिळालं. पगार नाही, मत नाही, तरी दोरीचं एक टोक धरायला मी लागत होते. त्याबद्दल वेगळे आभार.

पुढचा हिवाळा सह्या गोळा करण्यात गेला. मेनच्या कायद्यात गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत गावात जितकी मतं पडली, त्यांच्या दहा टक्के मतदारांनी सह्या केल्या की विषय गावापुढे मतदानाला ठेवावा लागतो. माझी सही चालणार नव्हती. मी चहाचा थर्मास आणि पेनं सांभाळायचे, कारण त्या थंडीत पेनातली शाई गोठते. तुम्ही दारात उभ्या राहून एकच वाक्य म्हणायचात: "दुकान हवं की नको हे मी विचारत नाहीये. केवढं हवं, ते गावाने ठरवावं की नाही, एवढंच सांगा." रेनीज हे स्वस्त मालाचं दुकान 1949 साली याच गावात सुरू झालं आणि मग राज्यभर पसरलं. त्यामुळे स्वस्त दुकानाला गावाचा विरोध आहे असं कुणी म्हणूच शकत नव्हतं.

कालवांची शेती करणारे लोक मात्र पाण्याबद्दल बोलायचे. मोठ्या डांबरी पटांगणावर पडलेलं पाणी मुरत नाही. गाड्यांचं तेल आणि बर्फ वितळवायचं मीठ घेऊन ते उताराने नदीत जातं. मला हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. खाडीच्या काठी वाढलेल्या मुलीला उतार कळतो. मे महिन्यात त्याच नदीतून मासे वर तळ्याकडे चढतात, आमच्या पहिल्या पावसातल्या चढणीच्या माशांसारखे, आणि ते बघायला तुम्ही मला न्यायचात, हे या पत्रात आलंच पाहिजे.

आता त्या सभेबद्दल, जी मी सगळ्यांना सांगते. दोन मुलांची एक तरुण आई उठली. रेस्टॉरंटात भांडी घासायची ती. म्हणाली, तुम्हाला सुंदर गाव परवडतं, मला नाही. डायपरसाठी मी रॉकलंडला गाडी काढते आणि पेट्रोलचे पैसे वेगळे मोजते. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली, कुणीतरी मोठ्याने नापसंती दाखवली. तुम्ही मागच्या रांगेतून उठलात. तुम्ही सभेत बोललेलं मी त्या एकदाच ऐकलं. "तिचं बोलणं पूर्ण होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन तुम्ही तिच्या घरी गेलात. पत्रक नेलं नव्हतं. दोन तास तिचं ऐकलंत आणि गावात काय मिळत नाही किंवा परवडत नाही याची यादी केलीत. डायपर, मुलांचे बर्फातले बूट, आतले कपडे. ती यादी घेऊन तुम्ही दुकानदारांकडे गेलात आणि चांगलंच सुनावलंत: गाव तुमच्यासाठी उभं राहतंय, तुम्ही हिच्यासाठी काय करताय? एकाने डायपरची मोठी खोकी घाऊक दरात आणायला सुरुवात केली. तिने मत कुणाला दिलं ते आपण कधी विचारलं नाही. तुमच्या बाजूच्या काहींना ही भेट आवडली नव्हती, त्यांना वाटलं तुम्ही विरोधकांना बळ देताय. मला वाटतं, त्या सगळ्या हिवाळ्यात केलेलं सगळ्यात बरोबर काम तेच होतं. जिच्या खिशाला खरंच चटका बसतोय तिला गप्प करून गाव वाचवलं, तर ते कुणासाठी वाचवलं?

मार्च 2006 मध्ये मतदान झालं. तुम्ही आत गेलात आणि मी बाहेर बर्फाच्या कडेला गाडीत बसून राहिले. रात्री फोन आला, "35,000." एवढंच बोललात आणि रडायला लागलात. मीही रडले, नवरा घाबरून स्वयंपाकघरातून धावत आला. शेजारच्या गावांतही अशा मर्यादेचे प्रस्ताव पुढे आले होते, त्याचं तुम्हाला जास्त समाधान होतं, कारण हद्दीपलीकडे अर्ध्या मैलावर तेच दुकान उभं राहिलं तर इथल्या ठरावाला काय अर्थ? सुपरसेंटर आलं नाही. पुढच्या वर्षी, 2007 मध्ये, राज्याने कायदा केला की 75,000 चौरस फुटांहून मोठ्या दुकानाला परवानगी देण्याआधी त्याचा आसपासच्या अर्थव्यवहारावर काय परिणाम होईल याचा अभ्यास व्हायला हवा. 2011 मध्ये तो सैल करून गावांच्या मर्जीवर सोडला, तेव्हा तुम्ही किती चिडला होतात!

त्याआधीच आम्ही भारतात परतलो होतो आणि मी वडिलांच्या दुकानात बसायला लागले होते. 2011च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने किरकोळ दुकानांत 51 टक्के परकीय भांडवल येऊ द्यायचं ठरवलं, आणि 1 डिसेंबरला देशभरच्या व्यापाऱ्यांनी बंद पाळला. शटर ओढून आम्ही बापलेक आत बसलो होतो. ती मुभा दहा लाखांवरच्या शहरांपुरती होती. आमचं वेंगुर्ला बारा हजारांच्या आसपास. तरी बाबा काळजीत होते. मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली. सगळी ऐकून त्यांनी विचारलं, "आणि ती बाई उधारी किती दिवस ठेवायची?" तुम्ही दोघं भेटायला हवे होतात.

बाबा आता नाहीत. दुकान मी चालवते.

गेल्या वर्षी जवळच्या एका गावातून चार बायका दुकानात आल्या. रस्त्याकडेच्या एका मोठ्या जमिनीवर मोठं दुकान येणार अशी बोलवा होती. बाजारपेठेत कुणी म्हणत होतं येऊच द्यायचं नाही, कुणी म्हणत होतं आलंच पाहिजे, आणि घरांघरांत अबोला सुरू झाला होता. मी माळ्यावरून तुमची दोरी काढली. निघताना तुम्ही ती माझ्या बॅगेत कोंबली होतीत आणि विमानतळावर मला तिच्या वजनाचे पैसे भरावे लागले होते. आम्ही ती घेऊन माळावर गेलो. इथे बर्फ नाही, कातळ आहे, पायाला चटके बसत होते. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला त्यातली सगळ्यात धाकटी. दोरी ताणली तेव्हा ती पार करवंदीच्या जाळीपलीकडे पोचली होती. परत आल्यावर ती म्हणाली, "ताई, ग्रामसभेत हेच दाखवू या. नको म्हणायला नको, केवढं ते विचारू."

तुमचंच वाक्य, मालवणी हेल काढून. मी तिला ते शिकवलं नव्हतं.

पुढे काय होईल ते आत्ताच सांगता येत नाही. हरकती लिहायचं काम चालू आहे, आणि त्या गावात कुणाला काय परवडत नाही याची यादीही आम्ही करतोय, घरोघरी बसून. पत्रकं न नेता.

तुमची नजर आता कमी झालीय असं तुमच्या मुलीने कळवलं. म्हणून हे पत्र मी फोनवर वाचून दाखवणार आहे; आधी मराठीत, कारण मी माझ्या भाषेत बोलले की तुम्हाला आवडायचं, मग तुमच्या भाषेत. रविवारी, तुमच्या सकाळी नऊ वाजता. आमच्याकडे तेव्हा दिवेलागण होत असते आणि दुकानात गर्दी नसते. आमसुलांचं पार्सल पोचलं का तेही सांगा. सार करायची पद्धत आत चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिली आहे.

तुमची,
वेंगुर्ल्याची शेजारीण