वकीलसाहेब, ती जागा कोरी ठेवायला लावलीत म्हणून

आदरणीय वकीलसाहेब,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात जिल्हा ग्राहक आयोगाने माझ्याविरुद्धची तक्रार फेटाळली. निकाल कळल्यावर तुम्हाला फोन केला, पण माझ्या तोंडून शब्दच फुटेना. ‘डॉक्टर, आधी जेवून घ्या,’ म्हणालात आणि फोन ठेवलात. तेव्हा राहिलेलं आज लिहिते आहे. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तालुक्याच्या गावात एकटीने प्रसूतिगृह चालवणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत.

2021 च्या जुलैतली ती रात्र तुम्हाला आता माझ्याइतकीच पाठ आहे. दुसरी खेप, नॉर्मल बाळंतपण, वार पूर्ण पडली आणि मग गर्भपिशवी आकसेचना, रक्त थांबेना. पिशवी आकसवणारी ऑक्सिटोसिन, मेथर्जिन, कार्बोप्रोस्ट ही इंजेक्शनं, आतून दाब देणारा बलून, सगळं करून झालं. पहाटे तीनच्या सुमारास पिशवी काढली, तेव्हा रक्त थांबलं. बाई वाचली, बाळ सुखरूप होतं. दीड वर्षाने रजिस्टर टपालाने आयोगाची नोटीस आली: संमती न घेता, घाईने गर्भाशय काढलं.

ती नोटीस मी बारा दिवस ड्रॉवरमध्ये ठेवली. नवऱ्यालाही सांगितलं नाही. तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही पहिल्यांदा तारीख बघितलीत आणि रागावलात. लेखी म्हणणं मांडायला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगून ठेवलंय. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मग तुम्ही विचारलंत, ‘चूक झाली असेल तर आत्ता सांगा. मग लढायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं.’ एवढं सरळ मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं.

आणि तो केसपेपर. रक्ताची दुसरी बाटली लावल्याची वेळ लिहायची राहून गेली होती. दोन वाजून वीस मिनिटं, मला पक्कं आठवत होतं. मी पेन उघडलं. म्हटलं, लिहून टाकते, खोटं थोडंच आहे? तुम्ही कागदावर तळहात ठेवलात. ‘त्या रात्री लिहिलं असतं तर ती नोंद होती. आज लिहिलंत तर बनावट.’ त्याच केसपेपरची प्रत मी पेशंटच्या नवऱ्याला, त्याने मागितल्यावर नियमाप्रमाणे 72 तासांच्या आत दिली होती, हे मी साफ विसरले होते. माझ्याकडच्या कागदावर वेळ आणि त्यांच्याकडच्या प्रतीत कोरी जागा! नुसत्या विचाराने आजही हात गार पडतात. तुम्ही रक्तपेढीच्या रजिस्टरचा उतारा, सिस्टरांची औषधवही आणि भूलतज्ज्ञांचा चार्ट शेजारी शेजारी मांडलात, वर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्यात. त्या तीन कागदांनी वेळ आपोआप सांगितली.

संमतीच्या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त घाबरले होते. सुप्रीम कोर्टाचा 2008 चा समीरा कोहली निकाल डॉक्टरच्या विरुद्ध गेलेला, तोही गर्भाशय काढण्यावरूनच. तो तुम्ही दडवला नाहीत, स्वतःच युक्तिवादात आधी वाचलात. त्यातच म्हटलंय की जीव वाचवण्यासाठी थांबणं शक्य नसेल, तर संमतीवाचूनही शस्त्रक्रिया करता येते. मग त्या रात्री थांबायला किती मिनिटं होती, एवढाच प्रश्न उरला, आणि त्याचं उत्तर पिवळ्या चिठ्ठ्यांत होतं. डॉक्टरचा निष्काळजीपणा कशाला म्हणायचं हे सांगणारा सुप्रीम कोर्टाचा 2005 चा जेकब मॅथ्यू निकाल तुम्ही शेवटी काढलात. मला वाटलं होतं, सुरुवातच त्याने कराल.

एका गोष्टीसाठी मात्र मी तेव्हा तुमच्यावर चिडले होते. ग्राहक आयोगात उलटतपासणी बहुतेक लेखी प्रश्नावलीनेच होते. तक्रार करणाऱ्या त्या बाईसाठीच्या प्रश्नांत मी एक प्रश्न घातला होता: कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात यायला इतका उशीर का केला? तुम्ही त्यावर काट मारलीत. ‘प्रश्न बरोबर आहे. पण आपल्याला त्याची गरज नाही, आणि तिला तो आयुष्यभर टोचेल.’ पुढच्या तारखेला ती बाकावर बसली होती, मांडीवर पोर. पोरीच्या पायात एकच चप्पल होती. आमची नजरानजर झाली आणि तिने मान हलवली. तो प्रश्न विचारला असता, तर मला तिच्याकडे बघता आलं नसतं.

1995 साली सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात आणली. तेव्हापासून तुम्ही आमच्या केसेस चालवताय. सगळ्याच घेतल्या नाहीत, हेही मला ठाऊक आहे. आमच्याच भागातल्या एका डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत, ‘भरपाई द्या आणि माफी मागा.’ त्यांनी तसं केलं. ते आजही तुमचं नाव आदराने घेतात.

आता आमच्या लेबर रूममध्ये मोठं घड्याळ लावलंय. इंजेक्शन देताना सिस्टर वेळ मोठ्याने म्हणतात, दुसरी लगेच लिहून घेते. नवीन मुलींना सुरुवातीला याचं हसू यायचं.

दिवाळीनंतर भेटायला येते. फाइल सोबत आणीन. तुमच्या पिवळ्या चिठ्ठ्या तशाच आहेत. अपिलाची मुदत संपेपर्यंत त्यांना हात लावणार नाही.

आपली कृतज्ञ,
तालुक्याच्या गावातली एक स्त्रीरोगतज्ज्ञ