परळ पायी फिरून पाहा

महोदय,

मुंबईतल्या इंग्रजी अमलाच्या खुणा पाहायच्या म्हटलं की लोक थेट फोर्ट गाठतात. मी जन्माने परळची, इथल्याच एका रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. गावाहून कोणी आलं की मी त्यांना हाफकिन संस्थेच्या फाटकापासून चालत नेते.

ही दगडी इमारत म्हणजे पूर्वीचा गव्हर्नरचा बंगला. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स इथे उतरला होता. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी इथेच कॉलऱ्याने गेल्या, आणि पुढे लाटसाहेबांचं बिऱ्हाड मलबार हिलला हललं. १८९६ मध्ये प्लेग आला. गिरणीतल्या माणसांना मलबार हिल कुठलं? ती गावाकडे पळाली, गिरण्या ओस पडल्या. तेव्हा सरकारला कामगारांच्या अंधाऱ्या खोल्या दिसल्या! १८९८ मध्ये शहरातली दाटीची वस्ती सुधारण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी प्लेगची लस शोधणारे डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा या बंगल्यात आली.

त्याच ट्रस्टची परळची बीआयटी चाळ क्रमांक एक तिथून चालत जाण्याजोगी आहे. दोन चाळींमध्ये हवा-उजेडासाठी सोडलेली जागा मी मुद्दाम दाखवते. आत मात्र ओळीने खोल्या, समोर गॅलरी, आणि संडास सगळ्या मजल्याला मिळून. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून वीसेक वर्षं राहिले. छत्रपती शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीत आले होते. ते दार पाहून माझ्या पुतण्याने चपला काढल्या, मी काही सांगितलं नव्हतं. जवळच दामोदर हॉल हे नाट्यगृह. दलितांच्या उन्नतीसाठी बाबासाहेबांनी काढलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेसाठीची १९२४ ची बैठक तिथलीच. तो हॉल २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाला.

चाळीतल्या लोकांना मोठी, स्वतंत्र संडास असलेली घरं मिळायलाच हवीत. त्यात दुमत नाही, तसल्या खोल्यांतून येणारे क्षयाचे रुग्ण मी आयुष्यभर पाहिलेत. पण पाडण्याआधी प्रत्येक चाळीची मोजमापं, छायाचित्रं आणि जुन्या रहिवाशांच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात. निदान एक खोली मोरीसकट जशीच्या तशी राखावी. आणि हाफकिनपासून दामोदरपर्यंत महापालिकेने ठळक मराठीत फलक लावावेत. इमारत कोणी, कधी आणि कोणत्या साथीनंतर बांधली, तिथे कोण राहिलं, एवढं त्यावर असलं तरी पुरे. पुनर्विकासाच्या परवानगीतच ही अट घालावी, म्हणजे खर्चाचं कारण पुढे येणार नाही.

– एक निवृत्त परिचारिका, परळ, मुंबई